नाव कुणी ठेवायचं?

प्रोग्रामिंग शिकायला लागून थोडे दिवस झालेल्या माणसाला एक प्रश्न हटकून पडतो. समजा, त्याच्यापुढे पावसाच्या नोंदींची एक फाइल आहे. प्रत्येक ओळीत चार गोष्टी आहेत: जिल्हा, तालुका, तारीख आणि सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत पडलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये. महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि तालुके ३५८. त्याला प्रत्येक जिल्ह्याच्या पावसाची वेगळी यादी हवी आहे. पायथनमध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं, म्हणून तो उत्साहानं लिहायला घेतो: पुणे = [], मग सातारा = [], मग सांगली = []. दहाव्या जिल्ह्यापाशी कंटाळा येतो आणि डोकं चालायला लागतं. जिल्ह्याचं नाव फाइलीत लिहिलेलंच आहे, मग त्या नावाचं व्हेरिएबल प्रोग्रामनंच का तयार करू नये? ओळ वाचायची, तिच्यात ‘सातारा’ सापडलं की सातारा नावाची यादी आपोआप उभी राहायची, आणि त्या दिवसाचा पाऊस तिच्यात जाऊन पडायचा.

हा प्रश्न पडणं हे चांगलं लक्षण आहे. काम तेच आहे, बदलतं आहे ते फक्त नाव, हे त्याला दिसलं. ज्याला हे दिसत नाही तो छत्तीस ओळी मुकाट्यानं टंकतो, आणि सदतिसावा जिल्हा झाला की पुन्हा टंकायला बसतो. तेव्हा विचारणाऱ्याला हसण्याचं कारण नाही. फक्त त्यानं व्हेरिएबलच्या नावाकडून भलतीच अपेक्षा केली आहे. ही पुस्तिका सगळी त्या अपेक्षेभोवती फिरते: एकमेकींशी नातं असलेल्या अनेक याद्या आहेत, त्यांची नावं प्रोग्राम लिहिताना ठाऊक नाहीत किंवा ठाऊक असली तरी बदलू शकतात, तर त्या ठेवायच्या कुठे?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. व्हेरिएबलचं नाव लिहिणारा माणूस ठेवतो, स्वतःसाठी आणि उद्या तो प्रोग्राम वाचणाऱ्यासाठी. फाइलीतून, फॉर्ममधून किंवा दुसऱ्या यंत्राकडून आलेलं नाव हे नाव असलं तरी डेटा आहे, मिलिमीटरच्या आकड्याइतकाच डेटा. त्यानं प्रोग्रामच्या आतल्या नावांत येऊन बसू नये. त्याची जागा तक्त्यात, किल्ली म्हणून. एवढं मान्य असेल तर पुढची प्रकरणं सरळ जातील. मान्य नसेल तर ही प्रस्तावना जरा सावकाश वाचावी.

पायथन ही युक्ती करू देतं, हे आधी कबूल करायला हवं. फंक्शनच्या बाहेर लिहिलेली सगळी नावं पायथन एका तक्त्यात ठेवतं आणि ग्लोबल्स नावाचं फंक्शन तो तक्ता आपल्या हातात देतं. त्यात ‘सातारा’ या किल्लीखाली रिकामी यादी ठेवली की सातारा नावाचं व्हेरिएबल खरोखरच जन्माला येतं. पहिल्यांदा हे चालताना पाहून माणूस खूश होतो. मग फाइलीची पहिली ओळ आडवी येते. पहिल्या ओळीत नोंद नसते, रकान्यांची शीर्षकं असतात, आणि जिल्ह्याच्या रकान्याचं शीर्षक असतं ‘जिल्हा’. प्रोग्राममध्येही, वाचलेल्या ओळीतला जिल्हा ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवला आहे त्याचं नाव जिल्हा हेच आहे. प्रोग्राम तक्त्यात पाहतो, ‘जिल्हा’ नावाची वस्तू तिथे आधीच आहे, म्हणून नवी यादी करत नाही, सरळ त्या वस्तूला पाऊस जोडायला जातो. ती वस्तू यादी नसून मजकूर असतो. स्ट्रिंगला अपेंड नाही अशी तक्रार करून पायथन थांबतं, आणि यादीचा नि स्ट्रिंगचा संबंध काय हे कोडं सोडवण्यात नवशिक्याची संध्याकाळ जाते. इथे निदान प्रोग्राम थांबला. नावांची टक्कर होऊन आपलं व्हेरिएबल गुपचूप बदललं असतं तर चुकीची सरासरी छापून तो निवांत संपला असता.

शीर्षकाची ओळ वगळली तरी पुढे ‘मुंबई उपनगर’ आहे. तक्त्याला त्या नावातल्या मोकळ्या जागेचं काही वाटत नाही, तो नाव ठेवून घेतो. पण प्रोग्राममध्ये ते व्हेरिएबल म्हणून लिहिता येत नाही, कारण व्हेरिएबलच्या नावात मोकळी जागा चालत नाही. म्हणजे ज्या सोयीसाठी हा खटाटोप केला ती सोयच त्या जिल्ह्यापुरती गेली. एक्झेकला मजकूर देऊन तोच कोड म्हणून चालवायचा हा दुसरा मार्ग. तिथे तर ‘छत्रपती संभाजीनगर’ आल्याबरोबर व्याकरणाची चूक म्हणून काम थांबतं. शिवाय जिल्ह्याच्या रकान्यात कुणी जिल्ह्याऐवजी फाइली पुसणारी आज्ञा लिहिली, तर एक्झेक तीही इमानेइतबारे पाळतो.

आणि हे सगळं फंक्शनच्या बाहेर. तोच कोड फंक्शनमध्ये नेला, ग्लोबल्सच्या जागी लोकल्स लिहिलं, की युक्ती बंद पडते. फंक्शनच्या आतली नावं नेहमीचं पायथन तक्त्यात ठेवतच नाही. फंक्शन तयार होतानाच त्यात किती नावं आहेत हे मोजून तेवढ्या क्रमांकाच्या जागा आखल्या जातात, आणि पुढे सगळा व्यवहार क्रमांकानं होतो. लोकल्समधून मिळते ती त्या जागांची नक्कल. नकलेवर काहीही लिहिलं तरी मूळ जागेचं बिघडत नाही की सुधारत नाही. पायथन ३.१३ मध्ये हे वागणं नियम म्हणून नीट लिहून ठेवलं गेलं. सी भाषेत तर हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. कंपाइलरचं काम झालं की आतली नावं, डिबगिंगसाठी मुद्दाम ठेवली नसतील तर, शिल्लकच राहत नाहीत, उरतात ते पत्ते. नाव हे यंत्रासाठी नसतं, हे सी इतकं स्पष्टपणे दुसरं कुणी सांगत नाही.

आता थोडं थांबून पाहिलं तर गंमत लक्षात येते. ग्लोबल्स वापरणारा माणूस तक्ताच वापरतो आहे. फक्त तो तक्ता त्याचा नाही, पायथनचा आहे, आणि त्यात त्याच्या याद्यांबरोबर फाइल, ओळ, एकूण, आयात केलेली मॉड्यूल्स असा सगळा संसार भरलेला आहे. ‘माझ्या सगळ्या जिल्ह्यांची नावं सांग’ असं त्या तक्त्याला विचारता येत नाही, कारण जिल्हे कोणते नि इतर कोणते हे त्याला माहीत नाही. मग आपलाच स्वच्छ तक्ता का करू नये? याद्या = {} एवढं लिहिलं की झाला. याद्या['सातारा'] म्हटलं की साताऱ्याची यादी, याद्या['मुंबई उपनगर'] म्हटलं की उपनगराची. किल्ल्या मोजता येतात, क्रमानं लावता येतात, अख्खा तक्ता दुसऱ्या फंक्शनच्या हवाली करता येतो. शीर्षकाची ओळ चुकून आत शिरली तर ‘जिल्हा’ नावाची एक फालतू किल्ली तयार होते, ती डोळ्यांना दिसते आणि पुसता येते. प्रोग्रामच्या स्वतःच्या नावांना धक्का लागत नाही.

आपल्याकडच्या पेढीवरच्या मुनिमाला हे नवं वाटणार नाही. दिवसभराचे व्यवहार जसे घडतील तसे रोजकीर्दीत लिहायचे, आणि मग एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. नवं गिऱ्हाईक आलं तर नवं पान काढायचं आणि अनुक्रमणिकेत त्याचं नाव घालायचं. पावसाच्या फाइलीचं आपण नेमकं हेच करतो आहोत: फाइल ही रोजकीर्द, याद्या ही खतावणी. गिऱ्हाइकाच्या नावानं नवी वही शिवायची कल्पना मुनिमाला सुचली नसती.

संगणकाच्या जगाला मात्र ती सुचली, आणि एकदा नव्हे, अनेकदा. १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये डेव्हिड फार्बर, राल्फ ग्रिसवोल्ड आणि आयव्हन पोलोन्स्की यांनी मजकुरावर काम करण्यासाठी स्नोबॉल ही भाषा बनवली. तिच्या पहिल्या रूपात डेटाचा प्रकार एकच, मजकुराची स्ट्रिंग. याद्या नाहीत, तक्ते नाहीत. पण एक अफलातून सोय होती. एखाद्या व्हेरिएबलच्या आधी डॉलरचं चिन्ह लावलं की त्या व्हेरिएबलमध्ये जो मजकूर असेल त्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल हाती यायचं. म्हणजे आपल्या नवशिक्याला हवं असलेलं सगळं, भाषेतच बांधून दिलेलं. अ‍ॅरे नसलेल्या भाषेत लोक त्याच्या जोरावर अ‍ॅरेची कामं भागवत. पुढे स्नोबॉल-४ मध्ये खऱ्या अ‍ॅरेही आल्या आणि ‘टेबल’ नावाचा प्रकारही आला, ज्याची किल्ली मजकूर असू शकते. ज्यांनी नावातून नाव काढायची युक्ती दिली, त्यांच्याच भाषेनं तिची गरज संपवली. या विषयाच्या सगळ्या इतिहासात मला हा भाग सर्वांत बोलका वाटतो, म्हणून त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे.

टेबलची ती कल्पना बेल लॅब्जमध्येच ऑककडे गेली. १९७७ मध्ये आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहन यांनी आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव दिलेल्या या छोट्या भाषेत अ‍ॅरेचा क्रमांक हा मुळात मजकूरच असतो, आणि किल्लीचा पहिल्यांदा उल्लेख झाला की ती आपोआप तयार होते. जिल्हावार बेरीज करायला ऑकमध्ये एक ओळ पुरते. आजही एखादी मोठी फाइल पटकन चाळायची असेल तर मी पायथन उघडण्याआधी ऑकच वापरतो.

पर्लचा प्रवास थोडा आडवळणाचा. लॅरी वॉल यांची ही भाषा १९८७ची. तिच्यात हॅश, म्हणजे मजकुराच्या किल्लीचा तक्ता, सुरुवातीपासून होता. पण त्या तक्त्यात प्रत्येक किल्लीखाली एकच साधी किंमत राहायची, अख्खी यादी ठेवता यायची नाही. जिल्ह्यागणिक यादी हवी असेल तर पर्ल-४ वापरणाऱ्यांना नावांच्या कसरती कराव्याच लागत. १९९४ मध्ये पर्ल-५ आलं, संदर्भ (रेफरन्स) आले, आणि हॅशमध्ये याद्या ठेवणं नेहमीची गोष्ट झाली. जुनी सवय मात्र गेली नाही. तिला आळा घालायला ‘स्ट्रिक्ट रेफ्स’ नावाचा नियम दिला गेला, जो चालू केला की मजकुराला नाव म्हणून वापरताच येत नाही. पर्लच्या जगातले जाणते मार्क जेसन डोमिनस यांनी तर या सवयीला शीर्षकातच मूर्खपणा ठरवणारं लेखन केलं. त्यांचे मुद्दे सगळे बरोबर आहेत. शब्द मला कडक वाटतो, कारण स्नोबॉलपासूनच्या शहाण्या लोकांनी हीच वाट चालून पाहिलेली आहे.

पीएचपीनं या सवयीची खरी किंमत मोजली. तिच्यात दोन डॉलर लावून नावातून नाव काढता येतं, ते आजही येतं. पण त्यापेक्षा घातक होती ती रजिस्टर ग्लोबल्स नावाची सोय. ब्राउझरकडून जे जे नाव येईल त्या त्या नावाचं व्हेरिएबल प्रोग्राममध्ये आपोआप तयार व्हायचं. फॉर्ममध्ये ‘शहर’ नावाचा रकाना असेल तर शहर हे व्हेरिएबल हजर. किती सोपं! आता असा प्रोग्राम डोळ्यांसमोर आणा: पासवर्ड जुळला तर अधिकृत या व्हेरिएबलमध्ये १ ठेवायचा, आणि पुढे अधिकृत १ असेल तर गोपनीय पान दाखवायचं. लिहिणारा सुरुवातीला अधिकृत = ० लिहायला विसरला, कारण त्याच्या मते ते रिकामंच असणार. पाहुण्यानं पत्त्याच्या शेवटी अधिकृत=१ एवढं जोडलं की पासवर्ड न देताच दार उघडलं. नाव बाहेरून आलं आणि आतल्या नावाच्या खुर्चीवर बसलं. २००२ मध्ये पीएचपी ४.२ पासून ही सोय मुळात बंद ठेवली जाऊ लागली, २००९ मध्ये ५.३ नं ती कालबाह्य ठरवली, आणि २०१२ मध्ये ५.४ नं ती काढून टाकली. दहा वर्षं. मधल्या काळात असंख्य जुने प्रोग्राम तिच्यावर उभे होते, म्हणून ती एका फटक्यात उपटता येत नव्हती. तिच्या जागी जे राहिलं ते साधे तक्ते: ब्राउझरकडून आलेलं सगळं एका ठरलेल्या अ‍ॅरेत, किल्ल्यांसकट.

बाकीच्यांची कथा थोडक्यात. बॅश शेलमध्ये मजकुराच्या किल्लीचे तक्ते २००९ मध्ये चौथ्या आवृत्तीत आले, तोवर लोक मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या इव्हॅलवर दिवस काढत होते. अ‍ॅपलच्या मॅकसोबत येणारं बॅश अजून ३.२ आहे, त्यामुळे तिथे ते दिवस संपलेले नाहीत. संख्याशास्त्राच्या आर भाषेत मजकुरातून व्हेरिएबल कसं करायचं हा प्रश्न इतक्यांनी विचारला की अधिकृत प्रश्नोत्तरांत त्याला ७.२१ हा क्रमांक मिळाला. तिथे उत्तर दिलं आहे, आणि त्यापेक्षा लिस्ट वापरणं बरं असा सल्लाही. मॅटलॅबच्या मार्गदर्शिकेत इव्हॅल टाळण्याचे पर्याय वेगळे काढून दिलेले आहेत.

आणि एक्सेल. प्रोग्रामिंगशी आपला संबंध नाही असं सांगणारे कितीतरी लोक रोज हाच प्रश्न एक्सेलमध्ये सोडवत असतात. पहिल्या रकान्यात जिल्हा निवडला की दुसऱ्या रकान्याच्या ड्रॉपडाउनमध्ये त्याच जिल्ह्याचे तालुके दिसायला हवेत. त्याची प्रसिद्ध युक्ती अशी: प्रत्येक जिल्ह्याच्या तालुक्यांच्या यादीला जिल्ह्याचंच नाव द्यायचं, आणि इनडायरेक्ट या सूत्राला निवडलेल्या जिल्ह्याचा मजकूर द्यायचा. सूत्र त्या मजकुराच्या नावाची यादी शोधून आणतं. स्नोबॉलचा डॉलरच हा, कार्यालयीन कपड्यांत. इथेही ‘मुंबई उपनगर’ अडतंच, कारण एक्सेलच्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून लोक तिच्या जागी अधोरेषा भरतात आणि सूत्रात सब्स्टिट्यूट घालतात. शीटचं नाव बदललं तर इतर सूत्रं आपोआप सुधारतात, इनडायरेक्टमधला मजकूर तसाच राहतो आणि संदर्भ तुटल्याची खूण दिसू लागते. शिवाय पानावर कुठेही काही बदललं की हे सूत्र पुन्हा मोजलं जातं, त्यामुळे मोठ्या फाइली रेंगाळतात. जिल्हा आणि तालुका अशा दोन रकान्यांचा एकच तक्ता ठेवून त्यातून गाळून घेणं हा मार्ग सुरुवातीला लांबचा वाटतो, पण जिल्हे बदलले की तोच तग धरतो.

तक्ता आतून कसा चालतो यावर मी इथे फार बोलणार नाही, त्याचं प्रकरण वेगळं आहे. १९५३ च्या जानेवारीत आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात कल्पना मांडली: किल्लीवरून गणितानं एक आकडा काढायचा, आणि तो आकडा सांगेल त्या खणात वस्तू ठेवायची. शोधताना पुन्हा तेच गणित करून सरळ त्या खणाशी जायचं. किल्ल्या छत्तीस असोत की छत्तीस लाख, शोधायला लागणारा वेळ साधारण तेवढाच. ‘व्हेरिएबल वेगवान, तक्ता हळू’ अशी जी भीती कधीकधी ऐकू येते तिच्यात पावसाच्या फाइलीच्या पातळीवर काही दम नाही. फंक्शनबाहेरचं व्हेरिएबल शोधायलाही पायथन तक्त्यातच पाहतं, हे वर आलंच.

तक्ता घेतला म्हणजे सगळं सुटलं असं मात्र नाही, आणि पुस्तिकेची बरीचशी पानं याच भागावर खर्च झाली आहेत. पहिला सापळा रिकाम्या याद्यांचा. पायथनमध्ये सगळे जिल्हे एकदम मांडायला फ्रॉमकीज ही सोय आहे. तिला जिल्ह्यांची नावं आणि एक रिकामी यादी दिली की छत्तीस किल्ल्या तयार, पण त्या छत्तीसही किल्ल्यांमागे यादी एकच. सोलापूरची सरासरी काढावी तर तिच्यात आंबोलीचा पाऊस. दुसरा सापळा डिफॉल्टडिक्टचा, जो २००६ मध्ये पायथन २.५ मध्ये आला. नसलेली किल्ली मागितली की तो चूक न दाखवता तिथल्या तिथे रिकामी यादी करून देतो. भरताना हे सोयीचं आहे. पण नुसतं वाचतानाही तो हेच करतो. ‘सोलापूर’ऐवजी ‘सोलापुर’ टंकलं गेलं तर कुरकुर होत नाही, रिकामी यादी मिळते, आणि नंतर जिल्हे मोजले तर ३७ भरतात. म्हणून भरताना डिफॉल्टडिक्ट, आणि भरून झाल्यावर त्याचा साधा डिक्ट, म्हणजे नेहमीचा तक्ता, करून पुढे द्यायचा, अशी शिस्त मी सुचवली आहे.

किल्ली कशाची करायची हा त्याहून अवघड प्रश्न. तालुकावार याद्या करायला घेतल्या आणि किल्ली म्हणून नुसतं तालुक्याचं नाव घेतलं, तर खेड अडवतं: एक पुणे जिल्ह्यात, एक रत्नागिरीत. कळंब धाराशिवमध्ये आहे आणि यवतमाळमध्येही. मालेगाव नाशिकमध्ये आहे तसं वाशिममध्येही. सर्वांत वाईट कर्जत. एक रायगडातलं, माथेरानच्या पायथ्याचं, जिथे पावसाळ्यात पाणी थांबत नाही. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, अवर्षणाच्या पट्ट्यातलं. दोघांच्या नोंदी एकाच यादीत पडल्या तर जी सरासरी निघते ती पृथ्वीवरच्या कुठल्याच कर्जतची नसते, आणि प्रोग्राम मात्र एकही चूक दाखवत नाही. उपाय म्हणजे जोडकिल्ली, जिल्हा आणि तालुका मिळून. पायथनमध्ये दोघांचा टपल सरळ किल्ली म्हणून चालतो. जुन्या भाषांत दोन मजकूर चिकटवून एक करावे लागत, आणि मग चिकटवायला असं चिन्ह हवं की जे नावात कधीच येणार नाही. ऑक त्यासाठी कुणीही हातानं टंकणार नाही असं एक अदृश्य चिन्ह वापरतं. अधोरेषेनं चिकटवणाऱ्यांना ही सावधगिरी नंतर आठवते.

देवनागरी किल्ल्यांचं आणखी एक दुखणं आहे, आणि इंग्रजीतली पुस्तकं त्याबद्दल काही सांगत नाहीत, कारण त्यांना ते भेटत नाही. सातारा जिल्ह्यातला कऱ्हाड तालुका घ्या. कुणी ‘कराड’ लिहितं, कुणी ‘कऱ्हाड’. हा झाला लेखनाचा भेद, तो डोळ्यांना दिसतो. पण ‘कऱ्हाड’ हाच शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो: युनिकोडमधल्या ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच. तक्त्याच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या किल्ल्या, म्हणून दोन वेगळ्या याद्या. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण र आणि नुक्ता वेगवेगळे आले असतील तर त्यांचा ऱ करतं, जॉइनरच्या रूपाला मात्र हात लावत नाही. ते रूप आपणच बदलून घ्यावं लागतं. व्हेरिएबलच्या नावात तर पायथन तो जॉइनर घेतच नाही. म्हणून किल्ली तक्त्यात जाण्याआधी एकाच फंक्शनमधून जावी, आणि कडेच्या मोकळ्या जागा, जॉइनर, ‘कराड’ची पर्यायी रूपं हे सगळं तिथेच निस्तरावं. हे काम दहा ठिकाणी विखुरलं की एक ठिकाण राहतंच.

नावं बदलतातही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या वर्षांच्या फाइलींत जुनी नावं, नव्यांत नवी. ज्यानं औरंगाबाद = [] लिहून ठेवलं आहे त्याला प्रोग्राम बदलावा लागतो. ज्याच्याकडे तक्ता आहे त्याला जुन्या नावावरून नव्याकडे नेणारा आणखी एक छोटा तक्ता पुरतो, आणि तोही फाइलीत ठेवता येतो. जिल्ह्यांना सरकारी संकेतांक असतात. किल्ली म्हणून तो संकेतांक आणि छापताना नाव अशी विभागणी केली तर आणखी बरं. पालघरचं मात्र एवढ्यानं भागत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला. त्याआधीच्या ‘ठाणे’मध्ये आजच्या पालघरचे तालुके मिसळलेले आहेत. दोन काळांतल्या ठाण्याची तुलना करायची तर तालुक्यांपासून पुन्हा बेरीज करावी लागते. ही कटकट मी मुद्दाम उदाहरणात ठेवली आहे, कारण किल्ली बरोबर असूनही यादी चुकीची असू शकते, हे फार थोडी पाठ्यपुस्तकं दाखवतात.

राहिला याद्यांमधल्या नात्याचा प्रश्न. जिल्ह्याखाली एकच यादी नसते. तारखांची एक, पावसाची एक, तालुक्यांची एक अशा तीन याद्या केल्या आणि पाचव्या जागेवरची तारीख पाचव्या जागेवरच्या पावसाची असं धरून चाललो, तर एक यादी क्रमानं लावली आणि दुसरी विसरली की सगळ्या तारखा भलत्या पावसाला चिकटतात. जुन्या फोरट्रानमध्ये अ‍ॅरेशिवाय दुसरं काही नव्हतं, तेव्हा अशा समांतर याद्यांवाचून इलाज नव्हता. आज एका नोंदीचे तिन्ही भाग एकत्र बांधून अशा नोंदींची एकच यादी करणं सोपं आहे, आणि बहुतेक वेळा तेच करावं. गंमत अशी की आरची डेटाफ्रेम किंवा वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं पांडाज आतून पुन्हा समांतर रकानेच वापरतं, कारण आकड्यांचा एक अख्खा रकाना सलग ठेवला की गणित झपाट्यानं होतं. फरक एवढाच की तिथे सगळे रकाने एका छपराखाली असतात. क्रम लावला तर सगळ्यांचा मिळून लागतो.

कोडनं स्वतः नावं निर्माण करणं कधीच बरोबर नसतं असं मी म्हणत नाही. पायथनचा नेमडटपल आपण दिलेल्या रकान्यांच्या नावांवरून एक नवा प्रकार घडवतो आणि त्यासाठी आतून मजकुराचा कोड चालवतोही. पर्लची मॉड्यूल्स दुसऱ्याच्या नावांत आपली फंक्शनं नेऊन ठेवतात. ही साधनं बनवणाऱ्यांची कामं आहेत, आणि तिथे नावं प्रोग्राम लिहिणारा देतो, फाइल देत नाही.

या पुस्तिकेतली सगळी उदाहरणं पायथनमध्ये आहेत आणि व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवली आहेत. आवृत्ती ३.७ किंवा तिच्या पुढची घ्यावी, कारण किल्ल्या ज्या क्रमानं भरल्या त्याच क्रमानं मिळतील ही हमी भाषेनं तिथून पुढे दिली. फाइली यूटीएफ-८ मध्ये जपाव्यात. पहिल्या प्रकरणात जिल्ह्यांची यादी तयारच दिली आहे, ती न वापरता फाइलीतून काढून पाहावी आणि किती जिल्हे भरतात ते मोजावं. ३६ पेक्षा जास्त भरले तर आधी शीर्षकाची ओळ तपासावी, मग ऱ्हस्व-दीर्घ, आणि मग सहाव्या प्रकरणाकडे वळावं.